पाय दुखतोय खंड्याचा, मग पाणी का कमी झालं?

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. नाव-गाव वगळून त्यातला मजकूर थोडक्यात देते.

त्यांच्याकडे १२ वर्षांचा गावठी कुत्रा आहे, खंड्या. वजन साधारण २२ किलो. उन्हाळ्यापासून त्याचे मागचे पाय आखडतात, बसला की उठताना कण्हतो. डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅमच्या गोळ्या ‘दुखेल तेव्हा द्या’ म्हणून लिहून दिल्या आहेत. पाऊस लागल्यापासून दुखणं वाढलं आणि आता त्याचं पाणी कमी झालंय. मागच्या पडवीतलं, दोन पायऱ्या उतरून ठेवलेलं पातेलं पूर्वी दिवसातून दोनदा भरावं लागे; हल्ली संध्याकाळपर्यंत अर्धं तसंच राहतं. तो दिवसभर पुढच्या खोलीत फरशीवर पडून असतो. कोरडं खाद्य चावत नाही म्हणून आठवडाभर मऊ भात आणि चिकनचं पाणी चालू आहे. सासूबाई म्हणतात, “त्यानं पाणी सोडलंय, आता त्याला छळू नका.” शेजाऱ्यांना भलतीच शंका येते, पाण्याला घाबरतोय म्हणजे पिसाळला तर नसेल? यंदाची रेबीजची लस राहून गेली आहे, म्हणून घरातही धास्ती. मेडिकलवाल्यानं माणसांची दुखण्याची अर्धी गोळी द्यायला सांगितलं आहे. त्या विचारतात: सिरिंजनं पाणी पाजू का? गोळी वाढवू का? की सासूबाई म्हणतात तसं त्याला शांतपणे जाऊ द्यावं?

नमस्कार ताई,

आधी गोळीचं बोलते, बाकीचं थोडं थांबू शकतं. मेडिकलवाल्यानं सुचवलेली गोळी देऊ नका. दिली असेल तर हे वाचणं बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन करा, कुठली गोळी आणि किती वाजता दिली ते सांगा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन, पॅरासिटामॉल ही औषधं आपल्याकडे प्रत्येक घराच्या डब्यात असतात, त्यामुळे ती साधी वाटतात. कुत्र्याचं शरीर ती आपल्यासारखी निभावून नेत नाही. आयब्युप्रोफेननं त्याच्या पोटात जखमा होतात, रक्तस्राव होतो, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. माणसाच्या अर्ध्यात कुत्रा बसेल, हा हिशोबच चुकीचा आहे. त्यात खंड्या आधीच मेलॉक्सिकॅम घेतोय. त्याच जातीचं दुसरं औषध वर पडलं तर धोका कितीतरी वाढतो. स्टेरॉइडचंही तेच. घरात जुनी उरलेली प्रेडनिसोलोनची पट्टी असेल तर तिलाही हात लावू नका.

आता मेलॉक्सिकॅम. औषध चांगलं आहे, सांधेदुखीवर पशुवैद्य नेहमी देतात, आणि तुमच्या डॉक्टरांनी दिलं त्यात काही गैर नाही. पण ते दिलं तेव्हा खंड्या नीट पाणी पीत होता, आज पीत नाही, आणि ही गोष्ट डॉक्टरांना अजून कळलेलीच नाही. दुखणं आणि सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं शरीरात तयार होतात, ती हे औषध कमी करतं. त्याच द्रव्यांतली काही पोटाच्या आतल्या अस्तराला जपतात, आणि अंगात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. म्हणजे पाणी कमी पडलेल्या कुत्र्याला ही गोळी दिली तर मूत्रपिंडाला आधार हवा असतो नेमका तेव्हाच तो निघून जातो. म्हणून गोळी वाढवू तर नकाच, पुढची देण्याआधीही डॉक्टरांशी बोला. उलटी झाली, शी डांबरासारखी काळी झाली किंवा त्यानं जेवण टाकलं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गोम इथे आहे. दुखतं म्हणून तो उठत नाही, उठत नाही म्हणून पाणी कमी, पाणी कमी म्हणून गोळी देण्यात धोका, आणि गोळी नाही म्हणून पुन्हा दुखतं. डॉक्टर दुखण्याच्या बाजूनं बघतील. पाण्याची बाजू आजच्या आज तुमच्या हातात आहे.

सासूबाईंच्या बोलण्याचा मला राग येत नाही. त्यांनी घरातली म्हातारी माणसं जाताना पाहिली असतील. अखेरच्या दिवसांत अन्नपाणी नकोसं होतं, आणि तेव्हा बळजबरी करू नये हे शहाणपण त्यांनी जपलंय. पण खंड्या त्या टप्प्यावर आहे का? तुम्हीच लिहिलंय की भात घातला की तो ताटली चाटून पुसून ठेवतो, संध्याकाळी फाटक वाजलं की शेपटी आपटतो. निरोप घेणारा जीव असा वागत नाही. आणखी एक गोष्ट त्यांना हळूच सांगा. पाणी कमी पडून होणारं मरण शांत नसतं. मूत्रपिंडं बंद पडत गेली की मळमळतं, उलट्या होतात, तोंडात फोड येतात. त्याला छळू नये असं त्यांना वाटतं, तर त्याच भावनेनं आधी दवाखाना करायला हवा.

खंड्याच्या जागी बसून घर बघा. तो पुढच्या खोलीत फरशीवर. पाणी मागच्या पडवीत. मध्ये गुळगुळीत फरशीची अख्खी लांबी, शेवटी दोन पायऱ्या, आणि या दिवसांत त्या ओल्या. सांध्यांची झीज झालेल्या कुत्र्याला पायऱ्या चढण्याइतकंच उतरणंही जड जातं, कारण उतरताना सगळा भार पुढच्या पायांवर येतो आणि मागचे पाय घसरतात. एकदा घसरला, दुखावला, की तो तिथे जायचं टाळतो. तुम्ही त्याच्या मागे उभं राहून एकदा नीट पाहा. पातेल्यापाशी पोचल्यावर लगेच मान खाली घालतो, की थांबतो, पाय फाकवून तोल सावरतो, दोनदा जीभ लावतो आणि मान वर करतो? तहान असूनही मान खाली नेववत नसेल तर दुखणं पायांपुरतं नाही, मानेच्या किंवा पाठीच्या मणक्यातही असू शकतं. हे मोबाइलवर टिपून ठेवा. दवाखान्यात गेला की कुत्रा घाबरून ताठ चालतो, लंगडणं लपवतो, आणि डॉक्टरांना घरचा खंड्या दिसतच नाही. अर्ध्या मिनिटाचं चित्रीकरण तिथे फार उपयोगी पडतं.

आज एवढं करा. जिथे तो पडून असतो तिथून चार पावलांत पाणी ठेवा. एकच भांडं नको, एक त्याच्या अंथरुणाजवळ, एक स्वयंपाकघराच्या दारात, पडवीतलं असू दे तसंच. भांडं पसरट आणि जड हवं. हलकं स्टीलचं पातेलं जिभेच्या धक्क्यानं फरशीवर सरकत जातं आणि दुखणाऱ्या कुत्र्याला त्याच्या मागे मागे जावं लागतं. खाली ओलं गोणपाट टाकलं तरी सरकायचं थांबतं. भांडं पाटावर किंवा एका विटेवर ठेवून जरा उंच करा, त्याच्या कोपराच्या आसपास, मान फार वाकवावी लागणार नाही इतपत. (ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशी खोल छातीची मोठी कुत्री असणाऱ्यांनी जेवणाची ताटली उंच करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, पोट फुगून पीळ पडण्याच्या जीवघेण्या आजाराशी उंच ताटलीचा संबंध एका अभ्यासात दिसला होता.) अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून अंगणाच्या दारापर्यंत जुनी सतरंजी, चटई, पायपुसणी, जे असेल ते अंथरा. वाट सलग हवी. मध्ये हातभर फरशी उघडी राहिली तर तो तिथेच अडेल. शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांच्या चकचकीत टाइल्सवर तर हा त्रास जास्तच. नखं वाढलेली असतील तर कापून घ्या, वाढलेल्या नखांमुळे पंजा नीट टेकत नाही.

लघवीचंही बघा. उठून बाहेर जाणं दुखतं म्हणून ही कुत्री तासन् तास लघवी धरून ठेवतात. जुना टॉवेल त्याच्या पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढून घ्या, दोन्ही टोकं वर धरा आणि मागचा भार उचलून त्याला बाहेर न्या. नर आहे, त्यामुळे टॉवेल फार मागे जाऊ देऊ नका, नाहीतर लघवी करायला अडचण होते.

आता मला तुमच्या एका गृहीतकावर शंका आहे: त्याचं पाणी खरंच किती कमी झालंय? कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं, आणि यात जेवणातलं पाणी धरलेलं असतं. खंड्यासाठी हे सव्वा लिटरच्या आसपास येतं. कोरड्या खाद्यात जेमतेम दहा टक्के पाणी, म्हणजे तेव्हा जवळजवळ सगळं पाणी पातेल्यातून जायचं. शिजलेल्या भातात दोन-तृतीयांशाहून जास्त पाणी असतं. अर्धा किलो मऊ भात आणि वर पेलाभर चिकनचं पाणी खाल्लं तर अर्ध्या लिटरहून अधिक पाणी जेवणातूनच पोटात गेलं. त्यात पावसाळ्याची गार हवा, आणि धापा टाकणं कमी. तेव्हा पातेल्यातलं पाणी काही प्रमाणात उरणारच. खरी तूट तुम्हाला वाटते त्याहून लहान असू शकते. पण अंदाजावर राहू नका, मोजा.

सकाळी लिटरच्या बाटलीनं मोजून भांडी भरा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला उरलेलं परत बाटलीत ओता. पडवीतल्या पातेल्यात पागोळ्यांचं पाणी पडत असेल, किंवा कावळे आणि शेजारची मांजरं त्यातच पीत असतील, तर ते आकड्यात घोळ घालणार, म्हणून मोजायच्या दिवशी ते आत घ्या. भातात घातलेलं पाणीही लिहून ठेवा. दोन दिवसांत चित्र स्पष्ट होईल, आणि डॉक्टरांना ‘अर्धं पातेलं’ यापेक्षा ‘दिवसाला इतके मिलिलिटर’ हे कितीतरी जास्त सांगून जातं.

मोजता मोजता त्याच्या हिरड्या पाहा. हाताला जखम नसावी, लस राहिली आहे म्हणून पातळ हातमोजा घातला तर उत्तम. ओठ बाजूनं किंचित उचला, तोंड उघडायची गरज नाही. हिरडी ओली, निसरडी लागली पाहिजे. चिकट लागली, बोट ओढल्यासारखं झालं, तर अंगात पाणी कमी आहे. बोटानं दाबून सोडा; पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. गावठी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्या असतात, तिथे एखादा गुलाबी पट्टा शोधावा लागतो. मानेवरची कातडी चिमटीत धरून बघायची रीत सगळे सांगतात, पण म्हाताऱ्या, सुटलेल्या कातडीच्या कुत्र्यात ती फसवते. तिच्यावर भिस्त ठेवू नका.

तो कोरडं खाद्य चावत नाही हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी तिथेच थबकले. चावायचं टाळणारा आणि पाणी कमी पिणारा कुत्रा म्हटलं की तोंड बघायलाच हवं. हाडं चावून वरच्या मोठ्या दाढेचा कपचा उडालेला असतो, आत पू होतो, डोळ्याखाली किंचित सूज दिसते. उघड्या पडलेल्या दाताला गार पाणी झोंबतं. मान एका बाजूला कलती करून पिणं, तोंडातून घास पडणं, लाळेला घाण वास, पाण्यात रक्ताची रेघ, यातलं काही दिसलं तर लिहून ठेवा. तोंडात हात घालून स्वतः तपासू नका. ते डॉक्टरांचं काम, आणि दुखणारा कुत्रा घरच्या माणसालाही चावतो.

शेजाऱ्यांच्या शंकेबद्दल. पाण्याची भीती हे रेबीज झालेल्या माणसात दिसणारं लक्षण आहे. कुत्र्यात तसं होत नाही; त्याचा घसा आणि जबडा लुळा पडतो, त्यामुळे त्याला गिळता येत नाही, लाळ गळत राहते, आवाज बदलतो, स्वभाव एकाएकी पालटतो. आणि एकदा लक्षणं दिसली की तो थोड्याच दिवसांत मरतो. उन्हाळ्यापासून हळूहळू आखडत गेलेला, भात चाटून पुसून खाणारा, घरच्यांना ओळखणारा खंड्या या वर्णनात बसत नाही. तरी लस राहिली आहे, तेव्हा गेल्या काही महिन्यांत त्याला बाहेरच्या कुत्र्यानं किंवा मुंगसानं चावलं होतं का ते आठवून डॉक्टरांना सांगा. आणि कोणाच्याही कुत्र्यात जबडा लोंबणं, लाळ गळणं, अचानक बदललेलं वागणं ही लक्षणं दिसली तर त्याला वेगळं बंद करा, जवळ जाऊ नका, डॉक्टरांना बोलवा. लाळ जखमेला लागली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन माणसांच्या दवाखान्यात लगेच जा. त्यात दिरंगाई करू नये.

सिरिंजनं पाणी पाजू का, असं विचारलंत. जोर करून नको. आडव्या पडलेल्या किंवा गुंगीत असलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी सोडलं की ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, आणि म्हाताऱ्या कुत्र्याला तो झेपत नाही. शिवाय पाण्याचं नाव काढलं की त्याला तुमच्या हातातली सिरिंज आठवायला लागेल. डॉक्टरांनी सांगितलंच तर तो छातीवर सरळ बसलेला असताना, मान वर न उचलता, गालाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं, प्रत्येक वेळी गिळू देत.

त्यापेक्षा जेवणातून द्या. तो भात खातोय हे तुमचं मोठं भाग्य समजा. भात पेजेसारखा सैल करा. एकदम भरपूर देण्यापेक्षा दिवसातून चारदा थोडं थोडं. चिकन उकडताना त्यात कांदा, लसूण, मीठ, मसाला काही नको. घरातल्या रश्श्यातलं पाणी काढून देऊ नका, कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तेच बिनमिठाचं पाणी कोमट करून वेगळ्या भांड्यात ठेवून बघा. काही कुत्री साध्या पाण्याकडे ढुंकत नाहीत आणि हे मात्र आवडीनं पितात. साधं पाणी दिवसातून दोनदा बदला, भांडं घासा. तळाशी बुळबुळीत थर आला की वास येतो आणि त्यांचं नाक आपल्यासारखं क्षमा करत नाही. शहाळ्याचं पाणी द्यावं का, असं पुष्कळ जण विचारतात. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. मूत्रपिंडाची तपासणी झालेली नसताना मी देणार नाही. माणसांच्या ओआरएसचंही डॉक्टरांना विचारूनच. भात-चिकन हा मात्र काही दिवसांचा आधार आहे, महिनोन् महिने त्यावर ठेवता येणार नाही, पुढचं खाणं डॉक्टरांशी बोलून ठरवा.

हे सगळं करा, पण डॉक्टर दोन-तीन दिवसांच्या आत. सगळ्यात जास्त मला डाचतंय ते ‘वय झालं, सांधे गेले’ हे ठरवून टाकणं. सांधे गेले असतीलच, पण पाऊस लागल्यावर दुखणं वाढलं म्हणजे ते सांध्यांचंच असं नाही. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा ताप, एरलिकिया किंवा बॅबेसिया, या दिवसांत फार. त्यात अंग आणि सांधे दुखतात, कुत्रा मलूल होतो, खाणंपिणं घटतं, आणि घरातले म्हणतात म्हातारा झाला. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत हात फिरवून गोचीड आहे का बघा. दुसरा लेप्टोस्पायरोसिस: उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या डबक्यातलं पाणी पिऊन किंवा त्यातून चालून होतो, अंग प्रचंड दुखतं, मूत्रपिंड आणि यकृत बिघडतं. तो माणसालाही होतो, म्हणून खंड्याची लघवी साफ करताना हातमोजे घाला आणि मुलांना दूर ठेवा. या दोन्ही आजारांवर औषध आहे, फक्त ते वेळेत सुरू व्हावं लागतं.

डॉक्टरांकडे रक्ताची तपासणी मागा: पेशी, प्लेटलेट, क्रिएटिनिन, युरिया, यकृताचे आकडे. लघवीचीही, तिच्या घट्टपणावरून मूत्रपिंड काम करतंय का ते कळतं. गरज वाटली तर कमरेचा आणि पाठीचा एक्स-रे. मग दुखण्याची गोळी ‘लागेल तेव्हा’ न देता रोज ठरलेल्या वेळी देणं बरं की दुसरं औषध जोडणं, हे विचारा. जुनाट दुखण्यात कुत्रा ओरडेपर्यंत थांबलं तर फार उशीर झालेला असतो. बहुतेक कुत्री ओरडतच नाहीत. रात्री जागा बदलत राहणं, विनाकारण धापा, एकच सांधा सतत चाटणं, अंग ताणून आळस देणं बंद होणं, ही त्यांची तक्रार असते. काही औषधांनी गुंगी येते आणि गुंगीतही पाणी कमी होतं, तेही विचारून घ्या. पाणी फारच कमी पडलं असेल तर डॉक्टर खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सलाईन सोडतात. तिथे पिशवीसारखा फुगवटा येतो आणि काही तासांत जिरतो, बघून घाबरू नका. लागलंच तर ते घरी द्यायलाही शिकवतात.

तालुक्याच्या लघुपशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात कुत्र्यांवरही उपचार होतात, नुसत्या गुरांवर नाही. तुम्हाला शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय जवळ आहे, तिथे तपासण्यांची सोय अधिक. इतर वाचकांसाठी: नागपूर, परभणी, उदगीर आणि मुंबईत परळला अशीच महाविद्यालयं आहेत, आणि परळचं बैलघोडा हॉस्पिटल तर एकोणिसाव्या शतकापासून आहे.

यातलं काही झालं तर मात्र दोन-तीन दिवसही थांबू नका: चोवीस तासांत पाण्याला आणि पातळ खाण्याला अजिबात तोंड न लावणं, वारंवार उलट्या, अर्धा दिवस लघवी न होणं किंवा जोर करूनही न होणं, लघवी चहाच्या रंगाची, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या, मागचे पाय एकाएकी ओढत चालणं, पोट फुगून नुसत्या कोरड्या ओकाऱ्या. शेवटच्या बाबतीत तासांचा प्रश्न असतो, रात्र असली तरी निघा.

राहिला शेवटचा प्रश्न, त्याला जाऊ द्यावं का. आज त्याचं उत्तर देणं घाईचं होईल. दुखण्यावर नीट, नियमित उपचार झालेले नाहीत, तपासणी झालेली नाही. उपचार सुरू झाल्यावर दोन-तीन आठवडे त्याच्याकडे बघा. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी यासाठी सात गोष्टींचं एक माप केलं आहे: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. तुम्ही, यजमान आणि सासूबाई, तिघांनी वेगवेगळ्या कागदांवर द्या आणि मग एकत्र बसा. मोठा फरक पडला तर त्यावर बोला. घरात कोण काय बघतंय ते तेव्हा कळतं. उपचार करूनही गुण घसरत गेले, वेदना आटोक्यात येईना, तर डॉक्टरांच्या हातून इंजेक्शननं शांत मरण देणं हाही दयेचाच मार्ग आहे, आणि तो निवडणाऱ्याला मी कधीही दोष देणार नाही. डॉक्टर भुलीच्या औषधाचा जास्त डोस देऊन त्याला बेशुद्ध करतात, त्याला काही कळत नाही. पण तिथे पोचायच्या आधीचे रस्ते खंड्याला अजून मिळालेले नाहीत.

नेताना त्याला कडेवर उचलू नका, पाठ लचकते. जाड चादरीवर सरकवून दोघांनी चार कोपरे धरून गाडीत ठेवा, मागच्या सीटवर गादी टाका. तोंडाला मऊ पट्टीची जाळी डॉक्टरांकडे गेल्यावर बांधा, धापा टाकत असेल किंवा उलट्या होत असतील तर बांधू नका. निघण्याआधी फोन करून वेळ विचारा, पावसात ओसरीवर तासभर ताटकळणं त्याला नको. गोळ्यांचं पाकीट, शेवटची गोळी कधी दिली ती तारीख, पाण्याचे आकडे, मोबाइलवरचं चित्रीकरण आणि लसीचं कार्ड बरोबर न्या, आणि राहिलेली लस केव्हा द्यायची ते त्याच वेळी विचारून घ्या.